लाँगबोर्ड घेताना आधी रस्ता पाहा

स्केटबोर्ड ही आता आपल्याकडे फक्त परदेशी सिनेमात दिसणारी वस्तू राहिलेली नाही. 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये या खेळाची पहिली पदके दिली गेली. आता आपल्या शहरांतही सोसायटीच्या आवारात किंवा समुद्रकाठच्या वाटेवर संध्याकाळी बोर्डवरून जाणारी मुले-मुली दिसतात. ऑलिम्पिकमधला बोर्ड आखूड असतो. उड्या, कठड्यावरून घसरणे आणि कसरती यासाठी तो बनवलेला असतो. लाँगबोर्ड त्याहून लांब असतो, साधारण तीन फूट किंवा त्याच्याही पुढे, आणि त्याचे काम वेगळे असते. तो अंतर कापण्यासाठी, रस्त्यावरून वळणे घेत जाण्यासाठी असतो. म्हणजे त्याचा संबंध मैदानापेक्षा रस्त्याशी जास्त. तरीही तो विकत घेताना बोलणे होते ते फळीबद्दल: लाकूड मेपलचे की बांबूचे, लांबी किती, खालचे चित्र कोणते. चाके बोर्डाबरोबर जी येतील ती. हा क्रम उलटा असायला हवा, असे माझे ठाम मत आहे. बोर्डाचा रस्त्याला टेकणारा भाग एकच, तो म्हणजे चाक. आपल्याकडचे रस्ते आणि फूटपाथ पाहता ते चाक मोठे आणि मऊ असायला हवे. पैसे कमी पडत असतील तर फळी साधी घ्यावी, पण चाकात काटकसर करू नये.

चाक ओळखायला मुख्यतः दोन आकडे पुरतात. पहिला व्यास, मिलिमीटरमध्ये. कसरतीच्या आखूड बोर्डाची चाके साधारण 50 ते 54 मिलिमीटरची असतात, लाँगबोर्डाची 65 ते 80 किंवा त्याहूनही मोठी. दुसरा आकडा कडकपणाचा. तो शोअर नावाच्या मापाने मोजतात आणि चाकावर 78ए, 85ए, 99ए असा छापलेला असतो. आकडा जितका मोठा तितके चाक कडक. मोटारीच्या टायरचा रस्त्याला लागणारा रबरी थर साधारण 60 ते 70ए असतो. कसरतीच्या बोर्डाची चाके 99ए किंवा 101ए, म्हणजे हातात घेतली तर जवळपास दगडासारखी. लाँगबोर्डाची चाके बहुधा 75 ते 83ए या पट्ट्यात येतात. त्यांच्यावर अंगठ्याचे नख जोरात दाबले की किंचित रुतते आणि नख काढताच खूण भरून येते. आपल्या रस्त्यांसाठी 70 मिलिमीटर किंवा त्याहून मोठे आणि 78ए च्या आसपासचे चाक ही सुरुवात धरावी. चालवणाऱ्याचे वजन 85-90 किलोच्या पुढे असेल तर 80 किंवा 82ए घ्यावे, कारण मऊ चाक जास्त भाराखाली फार दबते. लहान, हलक्या मुलांसाठी 75ए सुद्धा चालेल.

मोठे आणि मऊ चाक म्हणजे नवशिक्यांचे लाड, अशी काहींची समजूत असते. या खेळाचा इतिहास तिच्या विरोधात साक्ष देतो. अमेरिकेत सुरुवातीच्या बोर्डांना रोलर स्केटची लोखंडी चाके असत. 1960 च्या दशकात मातीच्या मिश्रणापासून बनवलेली चाके आली. ती लोखंडापेक्षा शांत चालत, पण रस्त्याला नीट धरून राहत नसत, लवकर झिजत, आणि वाटेत बारीकसा खडा आला तरी अडून बसत. चाक अडले की बोर्ड जागच्या जागी थांबे आणि मुलगा पुढे फेकला जाई. 1965 च्या सुमारास डॉक्टरांनी आणि शहरांच्या प्रशासनांनी या खेळाविरुद्ध आवाज उठवला, अनेक ठिकाणी बंदी आली आणि अल्पावधीत धंदा बसला. पुढे 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी या तरुणाला व्हर्जिनियातल्या एका कारखान्यात पॉलियुरेथेनची चाके सापडली. भाड्याने मिळणाऱ्या रोलर स्केटसाठी ती बनवलेली होती. ती त्याने स्केटबोर्डाला लावून पाहिली आणि कॅलिफोर्नियात जाऊन ‘कॅडिलॅक व्हील्स’ या नावाने विकायला सुरुवात केली. नवे चाक रस्त्याला धरून राहत होते, खडा थोडा पोटात घेऊन पुढे जात होते. बसलेला खेळ पुन्हा उभा राहिला. फळी तीच होती, रस्तेही तेच होते. ज्या एका बदलाने खेळ वाचला तो चाकातला होता.

आता आपल्याकडच्या जमिनीकडे पाहू. मुंबईतल्या कितीतरी फूटपाथांवर, सोसायट्यांच्या आवारात आणि पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक बसवलेले आहेत. नवे असताना ते सपाट दिसतात. पण खालची वाळू एक-दोन पावसाळ्यांत सरकते, एखादा ब्लॉक खचतो, शेजारचा वर येतो आणि मध्ये चार-पाच मिलिमीटरचा काठ तयार होतो. चालणाऱ्याला तो जाणवतही नाही. चाकासाठी मात्र ती पायरी असते. चाक पूर्णपणे कडक आहे असे धरून साधा भूमितीचा हिशेब केला, तर 5 मिलिमीटरच्या काठावर चढताना 52 मिलिमीटरच्या चाकाला जेवढा आडवा रेटा लागतो, त्यापेक्षा 75 मिलिमीटरच्या चाकाला सुमारे एक पंचमांश कमी लागतो. लहान चाक त्या काठाला समोरून, जास्त उभ्या कोनात भिडते, मोठे चाक वरच्या बाजूने त्यावर चढते. हा झाला फक्त आकाराचा फायदा. चाक मऊ असेल तर काठ त्यात थोडा रुततो, म्हणजे चढायची उंचीच कमी होते. डांबरी रस्त्यावर वेगळी अडचण असते. पावसाळ्यानंतर वरचा बारीक थर निघून जातो, खडी उघडी पडते आणि कडेला सुटी कच जमा होते. काँक्रीटच्या रस्त्यावर घसरण होऊ नये म्हणून मुद्दाम आडव्या रेघा ओढलेल्या असतात, आणि ठरावीक अंतरावर सांधे असतात. गतिरोधकांचे जाड पट्टे आहेत ते वेगळेच. कडक चाकावर यातली प्रत्येक गोष्ट तळपायातून गुडघ्यापर्यंत जाणवते. बोर्डावर उभ्या असलेल्याचे पाय कशालाही बांधलेले नसतात, हेही इथे लक्षात घ्यावे लागते. बोर्ड अचानक अडला तर शरीर त्याच वेगाने पुढे जाते, माणूस हात पुढे करतो, आणि सगळा भार मनगटावर येतो. स्केटबोर्डवरून पडणाऱ्यांमध्ये मनगटाचे हाड मोडण्याचे प्रमाण मोठे असते, ते यामुळेच. म्हणून चाकाची निवड हा हौसेच्या आधी सुरक्षिततेचा विषय आहे.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो: मऊ चाक हळू चालते. आक्षेप घेणाऱ्यांकडे कारण आहे, आणि गुळगुळीत जमिनीपुरते ते बरोबरही आहे. मऊ चाक टेकते तिथे दबते आणि पुन्हा फुगते, त्या दबण्या-फुगण्यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. कडक चाक दबत नाही, म्हणून तिथे नुकसान कमी. रेल्वेचे पोलादी चाक पोलादी रुळावर इतके सहज धावते ते याच कारणाने. पण त्यासाठी आधी रूळ लागतो. खडबडीत रस्त्यावर चाक दबले नाही, तर प्रत्येक उंचवट्यावर बोर्ड आणि त्यावरचा पन्नास-साठ किलोचा माणूस दोघेही किंचित वर उचलले जातात. ही उचल आणि अंगात शिरणारी थरथर यात जाणारी ऊर्जा चाकाच्या दबण्यात जाणाऱ्या ऊर्जेपेक्षा कितीतरी जास्त असते. सायकल शर्यतींच्या जगात हा धडा अलीकडेच शिकला गेला. तिथे वर्षानुवर्षे 23 मिलिमीटरचे अरुंद टायर ठासून हवा भरून वापरत. आता व्यावसायिक शर्यतींत 28 मिलिमीटर आणि त्याहून रुंद टायर कमी हवेवर चालवतात, आणि वेग कमी झालेला नाही. युरोपातल्या चांगल्या डांबरी रस्त्यांवर हे खरे ठरत असेल, तर आपल्या उघड्या खडीवर ते किती जास्त खरे असेल!

दुसरा आक्षेप वजनाचा आणि उंचीचा. मोठे चाक जड असते, पायाने ढकलून त्याला वेग द्यायला थोडा जास्त जोर लागतो, आणि बोर्ड जमिनीपासून वर जातो, त्यामुळे ढकलणारा पाय खाली टेकताना दुसरा गुडघा जास्त वाकवावा लागतो. हे मान्य. म्हणूनच कोणालाही सरसकट 85 किंवा 90 मिलिमीटरची चाके घ्या असे मी म्हणणार नाही. 70 ते 75 हा मध्य सांभाळणारा आकार आहे. एकदा वेग घेतला की जड चाक तो टिकवूनही ठेवते, त्यामुळे लांब पल्ल्यावर पाय कमी वेळा मारावा लागतो. मात्र मोठ्या चाकाचा एक धोका खराच गंभीर आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. वळताना बोर्ड एका बाजूला कलतो, तेव्हा फळीची कड चाकाला टेकली तर चाक जागीच जाम होते आणि माणूस फेकला जातो. ज्या फळीत चाकांसाठी कडा कापलेल्या आहेत किंवा जिचे ट्रक, म्हणजे चाके धरणारे धातूचे जोड, फळीच्या आरपार बसवलेले आहेत, तिथे हा धोका कमी. ट्रक फळीच्या खाली सरळ स्क्रूने जोडलेले असतील तर मध्ये जाड पॅड घालावे लागते. हे तपासायला कोणी तज्ज्ञ लागत नाही. बोर्ड जमिनीवर ठेवा, कशाचा तरी आधार धरून कडेवर पूर्ण भार द्या आणि फळी चाकाला लागते का ते खाली वाकून पाहा. लागत असेल तर त्या जोडीला नाही म्हणा.

उतारावर चालवणारे तरुण तिसरा मुद्दा मांडतात, आणि त्यांच्या अनुभवाला मान द्यायलाच हवा. लाँगबोर्डला ब्रेक नसतो. वेग वाढला की अनुभवी माणूस बोर्ड आडवा करून चाके घसरवतो आणि वेग मारतो. फार पकड असलेले चाक घसरतच नाही, ऐन वेळी ते रस्ता धरून ठेवते आणि वरचा माणूस उडतो. मग मऊ चाक सुरक्षित कसे? उत्तर चाकाच्या कडेत आहे. धारदार, चौकोनी कडेचे रुंद चाक रस्ता घट्ट धरते. तेवढ्याच मऊपणाचे, पण गोलाकार कडेचे आणि पृष्ठभाग आधीच घासून खरखरीत केलेले चाक सहज आणि एकसारखे घसरते. घसरणे शिकायचे असेल त्याने गोल कडेचे, 70 मिलिमीटरच्या आसपासचे चाक घ्यावे, हेल्मेट आणि जाड चकतीचे हातमोजे घालावेत, आणि वाहने नसलेल्या, जेमतेम उताराच्या जागी सुरुवात करावी. घाटरस्त्यावर, समोरून एसटी आणि ट्रक येत असताना हे करू नये. तिथे कोणतेही चाक वाचवू शकत नाही. आणि बहुतेक मुलांना उतारावर जायचेच नसते. त्यांना घरापासून बागेपर्यंत, बागेपासून मैत्रिणीच्या सोसायटीपर्यंत जायचे असते. त्यांच्यासाठी मागचा पाय हळूच जमिनीवर घासून थांबणे हाच ब्रेक, आणि तो चांगला येईपर्यंत वेग वाढवायचा नाही.

राहिला खर्च. चांगल्या परदेशी चाकांचा एक संच कधी कधी बाजारातल्या स्वस्त तयार बोर्डाइतक्याच किमतीला पडतो, हे खरे आहे. त्यात मऊ चाक लवकर झिजते असेही म्हणतात. झिजण्याचा संबंध कडकपणापेक्षा युरेथेनच्या दर्जाशी आणि घसरवण्याच्या सवयीशी जास्त आहे. साध्या ये-जा करण्यात चांगले चाक दीर्घकाळ टिकते. ते एका बाजूने तिरके झिजू लागले की पुढचे उजवे मागे डावीकडे आणि पुढचे डावे मागे उजवीकडे, अशी अदलाबदल करावी. फार स्वस्त बोर्डांची चाके मात्र अनेकदा खऱ्या युरेथेनची नसतातच, साध्या कडक प्लॅस्टिकची असतात. ती रस्ता धरत नाहीत, दबत नाहीत आणि खूप आवाज करतात. अशा बोर्डावर मूल दोन दिवस चालवते, दोनदा पडते, आणि बोर्ड माळ्यावर जातो. पालकांना वाटते, मुलाला आवड नाही. मुलाला वाटते, आपल्याला जमत नाही. दोष असतो त्या चार चाकांचा. हे मला सर्वांत जास्त खटकते, कारण चाकाचे ते दोन आकडे आधी विचारले असते तर ती आवड टिकली असती.

दुकानात किंवा जाहिरातीत या दोन आकड्यांऐवजी भलताच आकडा पुढे केला जातो. बेअरिंगवर एबेक 5, 7 किंवा 9 लिहिलेले असते आणि मोठा आकडा म्हणजे जास्त वेग असे सांगितले जाते. एबेक हे यंत्रांच्या बेअरिंगमधील मापांच्या अचूकतेचे मानक आहे. हजारो फेरे प्रति मिनिट फिरणाऱ्या यंत्रांत तो फरक महत्त्वाचा ठरतो. फूटपाथवर पायाने ढकललेल्या बोर्डात तो जाणवतही नाही. स्केटबोर्डात बहुधा 608 क्रमांकाचे बेअरिंग बसते: आतले भोक 8 मिलिमीटर, बाहेरचा व्यास 22, जाडी 7. साधे, स्वच्छ आणि नीट वंगण घातलेले असले की पुरे. चाक मात्र हातात घेऊन तपासावे. कडकपणाचा आकडा छापलेला नसेल तर का नाही ते विचारावे. फरशीवर थोड्या उंचीवरून सोडून पाहावे. चांगले युरेथेन जिवंत उसळी घेते, निकृष्ट चाक धप्पकन बसते. सारखाच 80ए छापलेल्या दोन चाकांत ही उसळी वेगवेगळी असू शकते, आणि खडबडीत रस्त्यावर उसळी घेणारे चाक दबण्यात गेलेल्या ऊर्जेचा मोठा भाग परत देते.

पावसाबद्दल दोनच वाक्ये. ओल्या रस्त्यावर, विशेषतः पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांवर, मऊ चाकसुद्धा भरवशाचे नाही आणि पाण्याने बेअरिंग गंजते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बोर्ड छताखालीच ठेवावा.

माझ्या मताला एक खरा अपवाद आहे, तो स्केटपार्कचा. तिथल्या गुळगुळीत काँक्रीटवर आणि लाकडी उतारांवर लहान, कडक चाकच योग्य. ते हलके असते, पटकन वळते आणि कठड्यावरून हवे तसे घसरते. ज्या मुलाला पार्कमध्ये कसरती करायच्या आहेत त्याच्यावर 75 मिलिमीटरचे मऊ चाक लादणे चुकीचे ठरेल. पण त्याच कडक चाकांवर पार्कपासून घरापर्यंत रस्त्याने येणेही चुकीचे. पार्कसाठी आखूड बोर्ड आणि रस्त्यासाठी लाँगबोर्ड असे दोन्ही परवडत नसतील, तर एका बोर्डाला चाकांचे दोन संच ठेवता येतात. नट काढायला 13 नंबरचा पाना लागतो, आणि हात बसला की हे काम पंधरा मिनिटांत होते. मात्र मोठी चाके चढवल्यावर फळी टेकते का, हे वर सांगितल्याप्रमाणे तपासून घ्यावे.

कोणी असेही म्हणेल की चाके बदलण्यापेक्षा फूटपाथ नीट करा. ती मागणी रास्त आहे. व्हीलचेअर वापरणारे, बाळाची गाडी ढकलणाऱ्या आया, काठी टेकत चालणारे ज्येष्ठ या सगळ्यांना सपाट वाट हवी आहे, आणि स्केटबोर्डवाल्यांनी त्यांच्या आवाजात आपला आवाज मिसळावा. पण फूटपाथ दुरुस्त होईपर्यंत मुलाचे वय थांबत नाही. आज जो रस्ता आहे त्यावर चालेल असेच चाक आज घ्यावे लागते.

क्रीडासाहित्य विकणाऱ्या दुकानदारांना आणि संकेतस्थळांना विनंती आहे की प्रत्येक लाँगबोर्डच्या वर्णनात चाकाचा व्यास, कडकपणा, कडेचा आकार आणि ते कशाचे बनलेले आहे, या चार गोष्टी फळीच्या चित्राइतक्याच ठळक द्याव्यात. आणि पालकांनो, बोर्ड घ्यायला निघण्याआधी मुलाला बरोबर घेऊन तो जिथे चालवणार आहे ती वाट एकदा खाली बघत चालून या. किती ब्लॉक खचले आहेत, खडी कुठे सुटली आहे, सांधे किती रुंद आहेत ते पाहा. मग दुकानात जा आणि पहिला प्रश्न चाकाचा विचारा.